फुलातून फांदी

देझो, जरा कुंपणापाशी ये.
कात्री तिथंच राहू दे.
हे बघ. मंगळवारी उमललं,
किंवा उमलता उमलता भलतंच काही आठवलं त्याला.
पाकळ्या सगळ्या जागच्या जागी,
आणि मधोमध, जिथं पिवळे केसर असायचे,
तिथून वर आलाय हिरवा देठ,
करंगळीएवढा, लव असलेला,
त्याच्या टोकाला दुसरी कळी, घट्ट मिटलेली.
फुलाच्या पोटात फूल.
त्याच्या शेजारच्या फुलाची तर निदलंच पानं झालीत,
दातेरी, चांगली थोराड,
थंडीत कुणी कॉलर वर करून उभं राहावं तशी.

मी आधी तुलाच धरलं.
तू पाठीवर पंप घेऊन
रुळांकडच्या बाजूचं तण जाळत होतास,
आणि वारा माझ्याकडे होता.
तू म्हणालास, वारा मारोश नदीकडे होता.
तेव्हापासून आपलं बोलणं बंद.
तुझी कोंबडी तेवढी येऊन-जाऊन असते.

तुझ्या मते गारठ्यानं झालं.
पोंग्रात्स, सेर्वात्स, बोनिफात्स,
मे महिन्यातले ते तीन थंडगार संत
यंदा एप्रिल सरायच्या आतच दारात उभे राहिले,
कळ्या वाटाण्याएवढ्या होत्या तेव्हा.
त्या रात्री तू जर्दाळूंखाली ओला पेंढा पेटवलास.
धूर माझ्या गुलाबांवरही रात्रभर बसून होता.
तेव्हा वारा कुठल्या बाजूला होता
ते मात्र तू सांगितलं नाहीस.

मग डालमा आली, शेतकी खात्याची,
माझ्या नातीएवढी, गळ्यात भिंग.
कोळी शोधले, तुडतुडे शोधले,
लाल झाडूसारखे फुटवे आहेत का पाहिलं. नव्हते.
एक फूल कागदी पिशवीत घातलं
आणि पाच कारणं सांगितली,
थंडी, नंतरचा उन्हाळा, औषध, रोग,
नाहीतर या जुन्या जातीची खोडच.
प्रत्येकाच्या आधी एक कदाचित.
जाता जाता म्हणाली,
आजी, फूल म्हणजे शेवटी काय,
थांब म्हटल्यावर थांबलेली फांदी.
याला ते थांब ऐकूच आलं नाही.

मी पायरीवर बसले तशीच.
एकतीस उन्हाळे सोरेगच्या मळ्यांत
मी डोळे भरले. रडून नव्हे, चाकूनं.
रानगुलाबाच्या बुंध्यापाशी वाकायचं,
सालीला टी-सारखी चीर द्यायची,
डोळा आत सरकवायचा, पुढच्या रोपाकडे.
आणि मागून तू, गुडघ्यांवर,
रबराची पट्टी गुंडाळत, बांधत.
अकरा वर्षं माझ्या मागच्याच रोपाशी.
दिवसभरात माझी पाठ तेवढी दिसायची तुला,
मला तुझा खोकला ऐकू यायचा.
एकदा ओळ संपली तेव्हा तू काहीतरी म्हणालास,
ट्रॅक्टर सुरू होता.
मी मागं वळून काय म्हणून विचारलं नाही.
दुसऱ्या दिवशी नवी ओळ होती.

काल रात्री वादळ झालं.
मला वाटलं, हे दुहेरी डोकं मोडणार,
केवढासा देठ, केवढा भार.
पहाटे चप्पल न घालताच आले,
तर शेजारी हेझलची काठी रोवलेली
आणि देठाला पट्टी, सायकलच्या ट्यूबची,
दोन वेढे, टोक आत खुपसलेलं.
सोरेगमध्ये अशी बांधणारी माणसं
आता किती उरलीत, देझो?
ओल्या मातीत दोन खड्डे होते,
गुडघ्यांचे.
पंचाहत्तरीला रात्री गुडघे टेकतोस,
आणि सकाळी म्हणे मणके दुखतात.

ते वरचं फूल उमलेल की हिरवंच वाळेल,
डालमालाही माहीत नाही.
मी कापणार नाहीये.
ये, या बाजूनं बघ,
आतली पाकळी किंचित सुटल्यासारखी वाटते का तुला?
मला चष्म्याशिवाय कळत नाही.
कॉफी ठेवलीय.
आणि तणनाशकाचं मी सोडलेलं नाही,
ते आत बसून विचारणार आहे.